पाव भाजताना गप्प बसा

पावाचा एक काप जळला म्हणून कुणाला राहत्या घरातून हलवतात का? माझ्या मुलीने मला हलवायचं ठरवलं होतं. आणि तिच्यापर्यंत ही बातमी पोचवली ती समोरच्या वास्कोने. त्याची बायको गेल्यापासून दर रविवारी माझ्या घरचं जेवण त्याच्या ताटात पडतं, हे इथेच सांगून ठेवते.

ऑक्टोबरातली गोष्ट. चुलीत निखारे होते, निखाऱ्यांवर जाळी, जाळीवर पावाचा काप. मी चुलीकडे पाठ करून घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. एकाएकी दार धाडकन उघडलं, वास्को बादली घेऊन आत घुसला आणि सगळं पाणी त्याने चुलीत ओतलं. अर्धं माझ्या पाठीवर. राख उडाली ती घेवड्यात, भांड्यांत, माझ्या केसांत.

"आर्जिया, घर पेटलं होतं!" तो धापा टाकत म्हणाला.

"घर नाही, पाव पेटला होता," मी म्हटलं. "तूच विझवलास ना? आता तूच खा."

त्याने तो खाल्ला नाही. घरी जाऊन प्रातो शहरात माझ्या मुलीला, लोरिआनाला फोन लावला.

लोरिआनाचं म्हणणं सरळ होतं. "आई, तू त्याच खोलीत बसली होतीस. धूर छतापर्यंत चढला, वास्कोला गल्लीपलीकडून वास आला, आणि तुला पत्ता नाही? हे बरं लक्षण नाही."

मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मार्चमध्ये मला ताप आला होता आणि जाताना तो माझं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागच्या जागी आहे, पण त्याला वास येत नाही. कॉफी नाही, साबण नाही, कोंबडीचं खुराडं नाही, काही नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. मी मूग गिळून बसले. एकदा एक गोष्ट कबूल केली की लोक दुसरी शोधायला लागतात. माझी मोठी बहीण एर्सीलिया, तिचं तसंच झालं. आधी ती किल्ल्या विसरली, मग दूध उतू घालवलं, आणि शेवटी ती समोर बसलेली असताना लोक तिच्याबद्दल अशा गप्पा मारायचे, जणू ती खोलीतलं कपाट आहे. तिचं डोकं खरंच गेलं होतं, ते मी नाकारत नाही. लोरिआनाने मावशीचं सगळं केलं, तिला रस्त्यावरून झोपायच्या कपड्यांत उचलून आणलं. त्यामुळे लोरिआना घाबरली होती, हेही मला कळत होतं. पण कुणी घाबरलं म्हणून मी माझी चूल बुजवू द्यायची का?

कारण ठरलं होतं ते हेच. ऑलिव्ह काढून होऊ दे, तेल घरी येऊ दे. मग सोमवारी गवंडी येईल, चूल आणि धुराडं विटा लावून बंद करेल, आणि मी प्रातोला जाईन. पाचव्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडाचे कपडे वाळताना दिसतात. दिवसभर तेच बघायचं.

मी म्हटलं, "तेल येऊ दे, मग बघू."

लोरिआनाला वाटलं मी वेळ काढतेय. मी वेळ काढत नव्हते. मी माझ्याशी एक करार केला होता आणि तो कुणालाही सांगितला नव्हता. मे महिन्यात मी गेल्या वर्षीचं तेल चमचाभर जिभेवर घेतलं होतं. काही नाही. बुळबुळीत पाणी. ज्या झाडांखाली मी जन्मभर वाकले, त्यांचं तेल माझ्या तोंडात मुकं होऊन बसलं. त्या दिवशी मी एकटी बसून रडले, खोटं कशाला बोलू. मग ठरवलं, नव्या तेलाची वाट बघायची. नवं तेलही माझ्याशी बोललं नाही, तर मी गुपचूप पेटी भरून प्रातोला जाईन. आपल्याच तेलाची ओळख पटत नसेल तर इथे राहून करायचं काय? पण ते बोललं, तर मग मला या घरातून कुणीही हलवू शकणार नाही.

रविवारी आमची पाळी लागली. घाण्यावर नेहमीची गर्दी. तिथेही एक चूल असते, ज्याचं तेल निघतं तो तिथल्या तिथे पाव भाजून चाखतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. लोरिआनाने हिरवंगार तेल ओतलेला काप माझ्यापुढे धरला.

"नको," मी म्हटलं. "इथे उभ्याउभ्या खायला मी काय सहलीला आलेय? माझं तेल मी माझ्या चुलीपाशी खाईन."

लोक हसले. म्हातारीचा हट्ट, म्हणाले असतील. म्हणू देत. इतक्या लोकांसमोर मला ते तेल मुकं निघायला नको होतं.

आमच्या गल्लीत ज्याचं तेल आधी घरी येतं, त्याने त्या दिवशी सगळ्या गल्लीला खाऊ घालायचं असतं. यंदा माझं आधी आलं. येणारच होतं, कारण जावयाच्या, दानिलोच्या मागे लागून मी झाडं सगळ्यांच्या आधी उतरवून घेतली होती. बिचारा अजून कंबर धरून चालत होता.

घरी येऊन स्वयंपाकघरात पाहते तो टेबलावर टोमॅटो. प्लास्टिकच्या पिशवीतला कापून ठेवलेला मऊ पाव. आणि विजेवर तापणारी एक काळी थाळी, अजून खोक्यातून अर्धीच बाहेर आलेली.

"हे काय?"

"ब्रुस्केत्ता," लोरिआना म्हणाली. "मी करते सगळ्यांसाठी. तू आज बसायचं."

"नोव्हेंबरात टोमॅटो?"

"दुकानात मिळतात, आई."

"दुकानात रबरी चपलाही मिळतात. त्याही चिरून घालणार आहेस का पावावर?"

"आई, लोक खातात. मॉडेनाचं ते गोड व्हिनेगरही आणलंय, वरून नक्षी काढायला."

"नक्षी! अगं, नवं तेल आलंय घरात. नव्या तेलाच्या दिवशी पावावर टोमॅटो टाकायचा म्हणजे नवरीच्या तोंडावर गोधडी टाकण्यासारखं आहे. निखाऱ्यावरचा पाव, लसूण, तेल, मीठ. त्याला फेत्तुंता म्हणतात. दुसरं काही समोर ठेवलं असतं तर तुझ्या बापाने ताट ढकललं असतं."

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणून काय तेलाची पद्धत बदलली?"

दानिलो तेलाचा डबा पोटाशी धरून दारात उभा होता. मधे बोलून कुणाचंच भलं होत नाही हे त्याला या घरात शिकवावं लागलं नाही.

मी चुलीच्या फळीवर हात फिरवला. काडेपेटी नव्हती. लायटरही नव्हता. लोरिआनाने आपल्या पर्सवर हात ठेवला, अगदी घट्ट.

"आई, चूल पेटवायची नाही. हात जोडते तुला. उद्या ती बंदच व्हायची आहे."

चुलीशेजारी राख काढायचं लोखंडी खोरं टेकवून ठेवलेलं असतं, ते उचललं आणि गल्ली ओलांडून वास्कोच्या दारावर त्याच खोऱ्याने ठोठावलं.

वास्कोने दार उघडलं. मला पाहून त्याचा चेहरा पडला. बादलीच्या दिवसापासून आम्ही बोललो नव्हतो. रविवारचं जेवण मी पाठवत होते, पण झाकण लावून, निरोप न देता.

"निखारे हवेत," मी म्हटलं.

"आर्जिया, अगं लोरिआना मला म्हणाली होती की..."

"मी लोरिआनाबद्दल विचारलं का? तुझ्या चुलीत निखारे आहेत की नाहीत?"

तो खोऱ्याकडे बघत राहिला. आमच्या गल्लीत आग मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. बांधावरून कोर्टात गेलेली माणसंसुद्धा एकमेकांना निखारे द्यायची. वास्कोच्या बापाचं आणि माझ्या आईचं विहिरीवरून वाजलं होतं, वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, पण पहाटे आई खोरं घेऊन गेली की तो मुकाट्याने भरून द्यायचा. हे वास्कोलाही ठाऊक होतं. त्याचे कान लाल झाले. तो आत गेला आणि खोरं काठोकाठ भरून घेऊन आला.

"मी तुझ्या काळजीपोटीच फोन केला होता गं," तो खाली बघत म्हणाला.

"काळजी होती तर मला विचारायचं होतंस. मी काय प्रातोला राहते? समोरच राहते. आता पाठोपाठ ये, आणि बादली घरी ठेवून ये."

धगधगतं खोरं दोन्ही हातांत धरून मी भर गल्लीतून निघाले. वरच्या खिडकीतून नेद्दाने डोकं बाहेर काढलं. नेद्दा म्हणजे आमच्या गल्लीचा रेडिओ, बंद करायचं बटण नसलेला.

"अगंबाई आर्जिया, ही कसली मिरवणूक?"

"तेल आलंय. ये खाली. बाकीच्यांनाही हाक मार."

लोरिआना दारात आडवी उभी होती. "आई, ते खाली ठेव!"

"कुठे ठेवू? तुझ्या गाडीच्या टपावर? सर बाजूला."

ती सरली. निखारे अंगावर आले की कोणीही सरतं. मी ते चुलीत ओतले, त्यावर वेलींच्या वाळक्या काटक्या टाकल्या, आणि बघता बघता जाळ उठला. पाठीमागे लोरिआनाने दीर्घ श्वास सोडला. मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं.

मग गल्ली लोटली. कुणी खुर्ची घेऊन आलं, कुणी वाईन. मी माझा पाव काढला, मोठा गोल, कडक पाठीचा. तो छातीशी धरला आणि सुरी आपल्याकडे ओढत काप पाडायला लागले. आई असाच कापायची, आजीही. लोरिआनाने डोळे मिटून घेतले.

"बघ की," मी म्हटलं. "अजून माझ्या छातीला भोक पडलेलं नाही."

जाळ बसला, निखारे राखाडी झाले, तसे मी काप जाळीवर मांडले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी चूक झालीय.

त्या जळक्या कापापासून मी रोज एकटीने पाव भाजत होते. नाक नाही, तर दुसरं काय आहे आपल्याकडे, ते शोधत होते. मला सापडलं होतं की पाव जाळीवर बोलतो. आधी ओलसर सुस्कारे टाकतो. मग बारीक तडतडतो. मग अचानक गप्प होतो, आणि गप्प झाला की लगेच उलटायचा, नाहीतर गेलाच. एकही काप पुन्हा करपला नव्हता. पण रिकाम्या घरात पाव ऐकणं वेगळं. इथे नेद्दा आपल्या गुडघ्याची कथा सांगत होती, दोघं घाण्यावरच्या भावावरून वाद घालत होते, खुर्च्या सरकत होत्या, पेले वाजत होते. मी वाकले, कान जाळीपाशी नेला. काही ऐकू येईना. बघून ठरवावं तर खालची बाजू दिसत नाही. सगळी गल्ली बसलेली, लोरिआनाची नजर माझ्या पाठीवर, आणि पाव तिकडे काय करतोय मला कळेना.

"गप्प बसा!" मी ओरडले. "सगळे गप्प बसा!"

झाले गप्प. पण कसे, तर एखाद्या आजाऱ्याच्या खोलीत होतात तसे. कुणीतरी कुणालातरी कोपराने ढोसलं. लोरिआना उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "चल आई. आपण जरा बाहेर मोकळ्या हवेत बसू हं. मी आहे ना."

तो आवाज! मऊ, सावकाश, एकेक शब्द सुटा. याच आवाजात ती एर्सीलियाशी बोलायची. माझं डोकं फिरलं.

"मला वास येत नाही," मी म्हटलं.

"कसला वास, आई?"

"कसलाच! मार्चपासून. ताप आला आणि नाक गेलं. म्हणून तो काप जळला. डोकं शाबूत आहे माझं. तुझ्या लग्नात दानिलोची आत्या पांढरा झगा घालून आली होती, नवरीसारखा. ते मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही."

दानिलो खोकला. वास्को म्हणाला, "खरंच पांढरा होता."

"मला पाव कानाने कळतो," मी सगळ्यांकडे वळून म्हटलं. "तुमच्या कलकलाटात तो ऐकू येत नाही. ज्यांना भाजलेला हवाय त्यांनी तोंडं मिटा. ज्यांना कोळसा हवाय त्यांनी चालू द्या."

लोरिआनाचा हात अजून माझ्या दंडावर होता. "मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू या आवाजात बोलायला लागली असतीस."

तिने हात काढून घेतला. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण जाळीवर पाव होता.

आणि मग माझं स्वयंपाकघर खरोखर गप्प झालं. नेद्दाने पदरासारखी शाल तोंडावर दाबून धरली. वास्को मान तिरकी करून उभा राहिला. सगळ्यांनी श्वास रोखून धरले आणि त्या शांततेत पाव ऐकू आला. आधी तडतड, बारीक, सगळ्या कापांची मिळून. मग ती विरळ झाली. मग थांबली.

"आता," लोरिआना कुजबुजली. माझ्याआधी तिला कळलं होतं.

मी भराभर काप उलटले. तपकिरी, कडा गडद, एकही करपलेला नाही. कुणीतरी टाळी वाजवली, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं, कारण दुसरी बाजू बाकी होती.

ती झाली, मग लसूण घासली. कच्ची पाकळी कडक पावावर घासायची, किसणीवर घासल्यासारखी ती जिरते. त्यावर तेल, नुसते थेंब नाही, धार. त्यावर जाडं मीठ, कारण आमच्या पावात मीठ नसतं. लोकांनी खाल्लं आणि एकेक जण खोकायला लागला. नवं तेल घशाला झोंबतं तसं ते झोंबत होतं, आणि आमच्याकडे त्याहून मोठी शाबासकी नाही. "आर्जिया, काय तेल आहे!" वास्को डोळे पुसत म्हणाला. सगळे खोकत होते, हसत होते, पुन्हा हात पुढे करत होते.

मी अजून खाल्लं नव्हतं.

माझा काप मी बाजूला ठेवला होता. त्याला लसूण लावली नव्हती. लसूणही झोंबते, मग कोण बोललं ते कळलं नसतं, आणि मला स्वतःला फसवायचं नव्हतं. मी तेल ओतलं. हिरवं दिसत होतं. मी बाकावर बसले आणि मोठा घास घेतला.

काही नाही. वाळलेलं लाकूड चघळावं तसं. मीठ कळलं, तेवढंच. जिभेच्या कडेला किंचित कडवट. मी चावत राहिले. लोरिआना माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. मला पाचव्या मजल्यावरची ती खिडकी दिसायला लागली. पेटी माळ्यावर आहे, तिचं कुलूप गंजलंय, हेसुद्धा आठवलं. मी गिळलं. आणि थांबले. काही नाही.

मग घशात कुणीतरी काडी ओढली.

खाली, पार खाली, नाकाचा जिथे काही संबंध नाही तिथे. आधी टोचलं, मग पेटलं, मग मला असा ठसका लागला की बाक हलला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी खोकत होते, थांबत नव्हते, आणि मला थांबायचंही नव्हतं. माझी झाडं होती ती. ताप नाक घेऊन गेला होता, पण घसा त्याच्या हाती लागला नव्हता. ते तेल माझ्याशी बोलत होतं, शिव्या घातल्यासारखं बोलत होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने रडले. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

लोरिआना ग्लास घेऊन धावली. "आई, पाणी! पाणी पी!"

मी तो ग्लास हाताने दूर सारला.

"पाणी नको," मी म्हटलं, आवाज फुटेना तरी म्हटलं. "तेल ओत."

तिने ग्लास खाली ठेवला, दानिलोच्या हातातून डबा घेतला आणि माझ्या उरलेल्या कापावर तेल ओतलं. पुष्कळ ओतलं.

"मी कुठेही जात नाही," मी तिला म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणजे नंतर कुणी ऐकलं नाही असं व्हायला नको.

"आणि उद्या गॅस सुटला तर? तुला वास येणार नाही."

"मग गॅस काढून टाक. चूल कधी सुटत नाही."

"आई!"

"त्यासाठी यंत्र मिळतं," दानिलो म्हणाला. दुपारपासून पहिल्यांदाच त्याने तोंड उघडलं होतं. "गॅस सुटला, धूर झाला की शिट्टी वाजते. मी बसवून देतो. खूप मोठ्याने वाजते, आई."

"जावई शहाणा मिळालाय," मी म्हटलं. "उशिरा कळलं, एवढंच."

"गवंडी उद्या सकाळी येतोय," लोरिआना म्हणाली. "त्याला मी काय सांगू?"

"येऊ दे की. त्याला म्हणावं, विटा राहू देत. धुराडं झाडून दे."

लोरिआनाने कपाळावर हात मारला. तिचे डोळे ओले होते पण आवाज चढला, चांगला चढला, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "आई, तुझ्यासारखी हेकट, आगाऊ, अडेलतट्टू बाई मी जन्मात पाहिली नाही! आठ महिने! आठ महिने तू मला सांगितलं नाहीस! तुला काही झालं असतं तर? मी काय केलं असतं?"

ती माझ्यावर ओरडत होती. बरोबरीच्या बाईवर ओरडावं तशी ओरडत होती. मी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चिमटा तिच्या हातात दिला आणि जाळीवर नवे काप मांडले.

"आता तू भाज," मी म्हटलं. "आणि बडबड बंद कर, पाव ऐकू येत नाही."